आच ओळखायला शिका: इंदूरमध्ये हौसेने लोहारकाम सुरू करणाऱ्यांसाठी

लोहारकामाची हौस ज्यांना नव्याने लागते, त्यांचा पहिला ओढा हातोड्याकडे असतो. ऐरण कुठे मिळेल, हातोडा किती वजनाचा घ्यावा आणि सुरी किती दिवसांत करता येईल, हेच प्रश्न मला आजवर सर्वांत जास्त वेळा विचारले गेले आहेत. माझ्या मते या कामात सर्वांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे आच. लोखंड केव्हा मऊ झाले, केव्हा ते घाव घेईनासे झाले आणि केव्हा जळू लागले, हे रंगावरून ओळखता येऊ लागले की हातोड्याचे काम पुष्कळ सोपे होते; ते येत नसेल, तर उत्तम ऐरण आणि महागडा हातोडा असूनही हात दुखण्यापलीकडे काही साधत नाही. म्हणून पुढे भट्टी आणि आच यांना मी जास्त जागा दिली आहे आणि हत्यारांना कमी.

आधी एखाद्या लोहाराजवळ बसा

इंदूरच्या आसपास अजूनही रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांची बिऱ्हाडे दिसतात. १५६८ साली चितोडगड पडल्यानंतर आपल्या पूर्वजांनी मेवाड सोडले आणि गाडीलाच घर मानले, असे हे लोक परंपरेने सांगतात. त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे: जमिनीतल्या लहानशा खळग्यात आग, शेजारी हाताने फिरवायचा पंखा, मातीत रोवलेली बुटकी ऐरण, पुरुष सांडसात लोखंड धरून बसलेला आणि समोर उभी असलेली त्याची बायको दोन्ही हातांनी घण घालते आहे. पुरुष आपल्या लहान हातोड्याने जिथे टिचकी मारील, तिथेच घण पडतो. दोघांत शब्दही होत नाही.

त्यांच्याजवळ जाताना एक भान ठेवावे. आपल्यासाठी जो छंद आहे, तो त्यांचा पोटाचा धंदा आहे. गव्हाची कापणी तोंडावर आली की विळ्यांचे आणि पावसाळ्याआधी पेरणीच्या अवजारांचे काम त्यांच्याकडे दाटते, तेव्हा त्या दिवसांत प्रश्न विचारत बसू नये. एरवी जावे, काकांना आणि काकूंना नमस्कार करावा, विचारल्याशिवाय फोटो काढू नये, आणि दोन-तीन तास बसू दिले तर त्या वेळेचा मोबदला आपणहून द्यावा. मी स्वतः पहिले अनेक आठवडे अशाच एका भट्टीजवळ नुसता बसत होतो. तिथे मला जे पहिले वाक्य ऐकायला मिळाले, ते आजही मी नवशिक्यांना सांगतो: हाताकडे बघू नका, आगीकडे बघा.

जागा निवडताना

भट्टी मोकळ्या हवेत हवी, पण उन्हात नको. कोळशाच्या आगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो, म्हणून खोली, बंद गॅरेज किंवा जिन्याखालची जागा यांचा विचारही करू नये. दुसरीकडे, उघड्या गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात केशरी झालेले लोखंडही डोळ्यांना काळे दिसते, आणि मग माणूस ते आणखी तापवत राहतो. लोहारांच्या जागा अंधाऱ्या असतात त्याचे कारण हेच आहे. तिन्ही बाजूंनी मोकळी, वर पत्रा असलेली पडवी सर्वांत चांगली. संध्याकाळचा मंद उजेड असेल तर रंग उत्तम दिसतात.

माळव्याच्या काळ्या मातीबद्दल येथे सांगितलेच पाहिजे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मी ऐरणीचा ओंडका परसात सरळ या मातीत पुरला होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर तो एका बाजूला झुकला आणि प्रत्येक घावाला ऐरण सरकू लागली. तेव्हा ओंडका पुरायचा असेल तर हात-दीड हात खड्डा घेऊन काळी माती काढून टाकावी, तळाशी आणि भोवती मुरूम ठोकून भरावा, आणि मगच ओंडका बसवावा. फरशीवर काम करणार असाल तर ओंडका नुसता ठेवला तरी चालतो. मात्र तापलेले लोखंड काँक्रीटवर टाकू नये, कारण त्यातील ओलाव्याची वाफ होऊन वरचा थर उडतो आणि त्याचे तुकडे अंगावर येतात.

कॉलनीत राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे आणि दुपारच्या झोपेच्या किंवा रात्रीच्या वेळी घाव घालू नयेत. कोळसा जाळण्यासंबंधी महापालिकेचे त्या वेळी लागू असलेले नियमही विचारून घ्यावेत.

घमेल्याची भट्टी

सुरुवातीला गवंड्याचे जाड लोखंडी घमेले पुरेसे आहे. त्याला एका बाजूने भोक पाडून साधारण एक इंच आतील व्यासाचा पाइप आडवा आत घ्यावा. हा पाइप साधा काळा एमएस, म्हणजे सौम्य पोलादाचा पाइपच असला पाहिजे. नळकामाचा जीआय पाइप घेऊ नये. त्यावर जस्ताचा थर असतो, जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळते, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. हाच नियम भट्टीत घालायच्या प्रत्येक वस्तूला लावावा: जस्ताचा मुलामा दिलेली तार, क्रोमची चकाकी असलेले जुने पाने आणि रंग लावलेली पट्टी यांतले काहीही आगीत जाऊ नये. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी तर कधीच तापवू नये. आतली हवा आणि ओल तापून ती फुटते.

घमेल्याला आतून मातीचे अस्तर द्यावे लागते. काळी माती वाळताना तडकते, म्हणून कुंभाराकडची माती, बारीक वाळू आणि चाळलेली राख एकत्र मळून दोन बोटे जाडीचा थर लावावा, आणि मध्ये ओंजळीएवढा खोलगट भाग ठेवावा. पाइपचे तोंड या खळग्याच्या तळापासून दोन इंच वर यावे. अस्तर सावलीत आठवडाभर वाळू द्यावे आणि पहिल्या दिवशी अगदी लहान आग करावी, कारण आत ओल राहिली तर मातीचे पापुद्रे आवाज करीत उडतात. वर दोन बाजूंना विटा रचल्या की निखाऱ्यांना हवी तेवढी खोली मिळते.

हवेसाठी विजेचा ब्लोअर आणि हाताने फिरवायचा पंखा हे दोन पर्याय आहेत. नवशिक्याने हाताचा पंखाच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. हात थांबला की आग शांत होते, आणि त्यामुळे किती वाऱ्याला किती आच येते हे आपोआप अंगवळणी पडते. विजेचा ब्लोअर मात्र तुम्ही पाठ वळवली तरी फुंकतच राहतो आणि तेवढ्यात सळईचे टोक जळून जाते.

इंधन म्हणून लाकडी कोळसा घ्यावा. तो लवकर संपतो आणि ठिणग्या उडवतो हे खरे, पण त्याला धूर कमी असतो आणि वस्तीत तोच शोभतो. दगडी कोळशाची आच जास्त टिकते, परंतु पेटताना तो दाट पिवळट धूर ओकतो, आणि त्याच्या राखेतले खनिज वितळून तळाशी खंगर धरते, ते वरचेवर उकरून काढावे लागते. कोळशाचे तुकडे अक्रोडाएवढे फोडून चाळून घ्यावेत. भुगा टाकला तर वारा अडतो. गॅसची भट्टी हा वेगळा विषय आहे आणि ती जाणत्याच्या देखरेखीशिवाय करू नये. घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलिंडर तर या कामाला वापरताच येत नाही.

हत्यारे थोडकी

हातोडा ८०० ग्रॅम ते एक किलोचा घ्यावा, त्याहून जड नको. सियागंजातील हार्डवेअरच्या दुकानांत गोल डोक्याचा हातोडा सहज मिळतो. त्याच्या तोंडाची धारदार कड कानशीने घासून गोलसर करावी, नाहीतर प्रत्येक तिरक्या घावाचा अर्धचंद्र लोखंडावर उमटतो. सांडस मात्र स्वयंपाकघरातली सांडशी नव्हे. लोहाराकडून लांब दांड्यांचा, तुमच्या सळईच्या जाडीवर तोंड बसेल असा करून घ्यावा. ढिल्या सांडसातून निसटलेली तापलेली सळई हा नवशिक्यांचा सर्वांत नेहमीचा अपघात आहे. सळई दीड हात लांब ठेवली तर पहिले काही आठवडे सांडसाची गरजही पडत नाही.

ऐरणीसाठी रुळाचा तुकडा वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. आपल्याकडे रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून पावतीशिवाय भंगारातून असा तुकडा घेऊ नये. त्यापेक्षा पोलादाचा भरीव ठोकळा घ्यावा. १० × १० × २० सेंटिमीटरचा ठोकळा सुमारे १५.७ किलो भरतो आणि उभा बसवला की त्याचे सगळे वजन घावाखाली येते. सरळ उभे राहून मूठ वळावी आणि हात खाली सोडावा. बोटांची पेरे जिथे येतील, तेवढीच ऐरणीची उंची असावी. याशिवाय लोखंडी ब्रश, छिन्नी, कानस, बेंच व्हाइस, पाण्याची बादली आणि वाळूची बादली एवढे जमवले की पुरे.

अंगावर सुती कपडे असावेत. नायलॉन आणि टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. पँट बुटाच्या बाहेर असावी, म्हणजे पडलेली खपली (तापलेल्या लोखंडावरून सुटणारा काळा थर) बुटात जाणार नाही. डोळ्यांना चष्मा प्रत्येक वेळी हवाच, कानांत बोळे घालावेत, आणि धनुर्वाताची लस घेतलेली असावी. हातोड्याच्या हातात हातमोजा घालू नये, कारण पकड फसवी होते. लोखंड उचलण्याआधी हाताची मागची बाजू त्याच्या जवळ, पण न टेकवता, धरून पाहावी. लाल लोखंडाने फारसे कोणी भाजत नाही. भाजते ते रंग गेलेले काळे लोखंड, जे तेव्हाही तीन-चारशे अंशांवर असू शकते.

आच वाचण्याचा सराव

पहिले दोन-तीन दिवस काहीही घडवू नका. लोहा मंडीतून १० मिलिमीटरची चौरस सळई आणावी. ती मीटरला ७८५ ग्रॅम भरते, त्यामुळे वजनावर घेताना किती लांबी मिळणार याचा हिशेब आधीच करता येतो. साधे सौम्य पोलादच मागावे. बांधकामाच्या सरियाला वरच्या कडांमुळे घड्या पडतात आणि तो शिकताना त्रासच देतो.

आगीत सळई कुठे ठेवावी हे येथे कळते. वाऱ्याच्या तोंडाशी ताजी हवा असते, तिथे लोखंड तापण्याबरोबरच जळते आणि त्यावर जाड खपली धरते. तोंडापासून जरा वर, जिथे हवेतला प्राणवायू निखाऱ्यांत खर्च झालेला असतो, तिथे सळई आडवी असावी, खाली चार बोटे निखारे आणि वर निखाऱ्यांची चादर. आगीची कड पसरू लागली तर तिच्याभोवती पाण्याचे शिंतोडे मारून ती आवळावी, म्हणजे कोळसाही वाचतो.

आता रंग पाहा. साधारण ६०० अंशांच्या आसपास सळई काळसर लाल दिसू लागते. साडेसातशे ते आठशेला ती डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होते. ७७० अंशांना लोहचुंबक तिला धरेनासे होते, आणि ही खूण कोणत्याही उजेडात फसवत नाही. नऊशे ते हजारला केशरी, अकराशे-बाराशेला हळदीसारखी पिवळी. त्याच्यापुढे ती पांढरी पडू लागते आणि टोकातून फुलबाजीसारख्या बारीक ठिणग्या उडतात. त्या ठिणग्या म्हणजे लोखंड जळत असल्याची खूण, आणि जळलेले टोक पुन्हा नीट होत नाही, ते कापूनच टाकावे लागते. एकदा मुद्दाम एक टोक जाळून पाहावे आणि ऐरणीवर एक हलका घाव घालावा: ते ओल्या गुळाच्या खड्यासारखे भुगा होऊन विखुरते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढे आगीकडे पाठ करीत नाही.

दुसरा सराव असा. केशरी सळई बाहेर काढून मनातल्या मनात आकडे मोजत, ती काळसर लाल होईपर्यंत नुसती पाहावी. मग तीच पुन्हा तापवून ऐरणीवर टेकवून मोजावे. ऐरण उष्णता किती झपाट्याने शोषते, हे लक्षात येते. १० मिलिमीटरच्या सळईवर घाव घालण्याजोगे दहा-पंधरा सेकंदच मिळतात. म्हणून हातोडा कुठे पडायचा हे सळई आगीत असतानाच ठरवून ठेवावे. रंग गेला की थांबावे. मंद लालीच्या खाली ठोकत राहिल्यास लोखंडाला बारीक चिरा जातात, ज्या कधी कधी काम पुरे झाल्यावरच दिसतात.

पहिला आकडा

पहिली वस्तू म्हणून एसच्या आकाराचा आकडा करावा, आणि सुरीचा विचार वर्षभर बाजूला ठेवावा. लांब सळईच्या टोकाचे दोन इंच केशरी-पिवळे तापवावेत. टोक ऐरणीच्या दूरच्या कडेवर ठेवून सळईचा मागचा भाग किंचित उचलावा, आणि हातोडाही तेवढ्याच तिरकस कोनात पाडावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखे निमुळते होते. एक घाव झाला की सळई पाव वळसा फिरवावी, दुसरा घाव, पुन्हा उलट पाव वळसा. टोक आधी चौकोनीच निमुळते करायचे असते. मग चारही कोपरे ठोकून ते अष्टकोनी करावे आणि शेवटी हलक्या हाताने गोल. सुरुवातीलाच गोल करायला गेलात, तर बाहेरचा थर पुढे सरकतो, गाभा मागे राहतो आणि टोक माशाच्या तोंडासारखे दुभंगते. जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचे पहिले टोक असे दुभंगलेले मी पाहिले आहे.

हातोडा मुठीत आवळून धरू नये. घाव कोपरातून आणि खांद्यातून यावा, मनगट मोकळे असावे. तापवून आणलेली सळई ऐरणीवर ठेवण्याआधी ब्रशने खपली झाडावी, नाहीतर ती आत ठोकली जाऊन पृष्ठभाग देवीच्या वणांसारखा होतो. पहिल्या महिन्यात एका बैठकीला पाऊण तासापेक्षा जास्त काम करू नका. थकलेल्या हाताचे घाव तिरके पडतात.

टोक निमुळते झाले की त्याचा शेवटचा अर्धा इंच ऐरणीच्या कडेवर हलक्या घावांनी वाकवून त्याची लहान गुंडाळी करावी, मग ती गुंडाळी वर ठेवून मोठा बाक द्यावा. आता सळई सहा-सात इंचांवर छिन्नीने जवळजवळ पूर्ण कापून मोडावी, दुसरे टोक तसेच निमुळते करावे आणि उलट दिशेला वाकवावे. मध्यभागी पीळ हवा असेल, तर वाकवण्याआधीच तो भाग सर्वत्र सारखा केशरी तापवून एक टोक व्हाइसमध्ये धरावे आणि दुसरे पान्याने एकाच ओघात फिरवावे. जिथे लोखंड जास्त तापलेले असेल तिथेच पीळ दाट पडतो. पिळाकडे पाहून आपली आच कुठे कमीजास्त झाली हे वाचता येते.

असे दहा आकडे करावेत आणि ते ओळीने टांगून पाहावेत. दहाव्यात आणि पहिल्यात फरक दिसला की पुढे जावे. माझी दुसरी वस्तू होती बाफले (उकडून मग आरावर भाजायचे कणकेचे गोळे) परतायचा आकडा: दीड फूट सळई, एका टोकाला चपटी केलेली वाकडी नखी, मध्ये पीळ, आणि हातात धरायला मागे गुंडाळी. गोवऱ्यांच्या आरावर बाफले भाजताना हात लांब राहतो, आणि घरातल्यांना तुमची हौस पटायला त्याचा फार उपयोग होतो.

पाणी देणे

आकडे हाताशी बसले की स्वतःची छिन्नी करावी आणि तिला पाणी द्यावे, म्हणजे तापवून, बुडवून कडक करावी. यासाठी सौम्य पोलाद चालत नाही, कारण त्यात कार्बन पाव टक्क्याहून कमी असतो आणि ते कडक होत नाही. भंगारात मिळणाऱ्या ट्रकच्या स्प्रिंगमध्ये तो सर्वसाधारणपणे अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो. हे पोलाद केशरी आचेतच घडवावे. पिवळे होऊ देऊ नये, आणि लाली मंदावली की हातोडा थांबवावा.

छिन्नी घडवून झाल्यावर ती चुंबक धरेनाशी होईपर्यंत आणि त्याहून किंचित वर तापवावी, आणि फक्त धारेकडचा इंचभर भाग कोमट तेलात उभा बुडवून हलवत राहावा. पाण्यात बुडवल्यास हे पोलाद तडकू शकते. तेल लोखंडी भांड्यात असावे, भडका उडाल्यास झाकायला झाकण हाताशी असावे, आणि चेहरा लांब ठेवावा. मग लगेच बाहेर काढून धार दगडावर घासून चकचकीत करावी आणि पाहत राहावे. मागच्या भागातली धग धारेकडे सरकते आणि चकचकीत पट्ट्यावर रंगांची रांग चालत येते: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा साधारण २२० अंशांचा, निळा ३०० च्या आसपासचा. छिन्नीच्या धारेवर जांभळा रंग पोहोचताच ती पुन्हा तेलात बुडवावी. पिवळ्यावर थांबलात तर धार कडक पण ठिसूळ राहते आणि पहिल्याच घावाला तिचा कण उडतो. निळा पार होऊ दिला तर ती दबते.

दोन तुकडे तापवून एकजीव करण्याची, म्हणजे सांधण्याची घाई करू नये. त्यासाठी लोखंड जळण्याच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन नेमके तिथेच थांबवावे लागते. ते काय असते हे पाहायचे असेल तर साठ-पासष्ट किलोमीटरवर धारला जावे. तिथे लाट मशिदीजवळ जुना लोहस्तंभ तीन तुकड्यांत पडून आहे. तिन्ही मिळून त्याची लांबी तेरा मीटरांहून अधिक भरते, आणि तो ओतलेला नसून लोखंडाचे तुकडे तापवून, ठोकून, सांधून केलेला आहे. एवढ्या वजनाचा तुकडा तेव्हा आगीत कसा फिरवला असेल, या विचाराने मी तिथून लवकर निघू शकत नाही.

काम आवरताना

वस्तू अजून गरम, पण रंग पूर्ण गेलेली असताना ब्रशने घासून तिच्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. तेल धुरकटून काळे, टिकाऊ आवरण धरते. बाफल्यांच्या आकड्याला घरचे खाण्याचे तेल लावावे, जसे लोखंडी तव्याला लावतो. पावसाळ्यात ऐरणीच्या तोंडालाही तेलाचा हात द्यावा, कारण चार दिवसांत तिच्यावर गंज चढतो. पंखा थांबवून निखारे पसरावेत, कोळसा वेचून लोखंडी डब्यात झाकून ठेवावा, आणि घमेल्यावर पाणी न ओतता ते आपोआप निवू द्यावे, नाहीतर मातीचे अस्तर फुटते. तासाभराने परत येऊन ओंडक्याच्या बुडाशी आणि विटांच्या फटीत एखादी ठिणगी धुमसत नाही ना, हे हात जवळ धरून पाहावे, आणि मगच दिवा मालवावा.